माझ्या सहीचं पत्र

सही करताना कागद वाचायचा नाही, अशी माझी पंचवीस वर्षांची सवय होती आणि तिचा मला थोडा अभिमानही होता. मालेगावच्या कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवणाऱ्या माणसापुढे कागदांना तोटा नसतो. बोनाफाईड, शिष्यवृत्तीचे अर्ज, एसटीच्या पासाचे फॉर्म. मुलं व्हरांड्यातच गाठतात. एकजण टेबल नाही म्हणून कमरेत वाकून पाठ पुढे करतो, दुसरा त्या पाठीवर कागद धरतो आणि मी सही ठोकून पुढच्या तासाला जातो.

शिफारसपत्राची रीतही आमच्याकडे ठरलेली आहे. ज्याला हवं त्यानंच लिहून आणायचं, सरांनी सही करायची आणि ऑफिसातल्या बाबूंनी गोल शिक्का मारायचा. मजकूरसुद्धा ठरलेला. विद्यार्थी हुशार, होतकरू व नम्र असून माझ्या माहितीप्रमाणे त्याची वर्तणूक चांगली आहे. माझ्या माहितीत नेमकं काय आहे, ते आजवर कुणी विचारलेलं नाही. अशा होतकरू आणि नम्र मुलांपैकी दोघांना मी स्वतः कॉपी करताना धरलं होतं. त्यांच्याही पत्रावर सही माझीच.

ती मुलगी दिवाळीच्या सुट्टीनंतर माझ्याकडे आली. बारावीतली, किन्हीराजाहून एसटीनं येणारी. वडील वीज कंपनीत लाइनमन. खिडकीजवळ तिसऱ्या बाकावर बसायची, एवढं मला ठाऊक होतं. नाव मात्र हजेरीपटावर बोट ठेवल्याशिवाय आठवलं नसतं.

"सर, मी अमेरिकेत अर्ज करून राह्यली," ती म्हणाली. "डॉक्टरकीसाठी. शिक्षकाचं पत्र लागते."

मला हसू आलं. "किन्हीराजाची बस मालेगावले टाइमवर येत नाही, अन् तू अमेरिकेले निघाली."

ती हसली नाही. तिनं पिशवीतून एक लांबडी वही काढली. तिकडे काही ठिकाणी बारावीनंतर दोन्ही शिक्षणांना एकदमच प्रवेश देतात, आधी चार वर्षं पदवी आणि मग चार वर्षं मेडिकल, पण मेडिकलची जागा आताच पक्की, हे तिनं मला समजावून सांगितलं. वहीची दोन पानं तिनं अशा अभ्यासक्रमांच्या नावांनी भरली होती आणि एकेका नावावर लाल पेनानं रेघ मारली होती. परदेशी विद्यार्थ्यांना प्रवेश नाही, परदेशी विद्यार्थ्यांना प्रवेश नाही, असं रेघेपुढे बारीक अक्षरात लिहिलेलं. काही ठिकाणी प्रवेश होता तर शिष्यवृत्ती नव्हती, म्हणून तीही नावं गेली. दुसऱ्या पानाच्या तळाशी एकच नाव रेघेवाचून उरलं होतं.

"अन् नीटची परीक्षा?" मी विचारलं.

"थेही देईन. पन इथं तीन घंट्यांत ठरवून टाकतात सर. तिथं माणूस कसा आहे थे पाहतात म्हने."

"बरं. लिहून आन, मी सही करतो."

ती जागची हलली नाही. "तुमी लिहाचं असते सर. मले तर वाचाची पन परवानगी नाही. मी तसं लिहून देलं आहे त्याईले." तिनं सूचनांचा एक छापील कागद माझ्या हातात दिला. मी तो घडी करून खिशात टाकला. पुढे तो शर्टाबरोबर धुऊन निघाला आणि लगदा होऊन दोरीवर वाळला.

"बाई, बहात्तर पोट्टे आहेत वर्गात. तू लिहून आन."

तिनं वही पिशवीत ठेवली आणि म्हणाली, "बरं सर."

चार दिवसांनी तिच्या मैत्रिणीच्या पाठीवर कागद ठेवून मी सही केली. बाबूंनी शिक्का मारला. बसस्टँडजवळच्या ऑनलाइन सेंटरवाल्याकडे माझ्या मेलचा पासवर्ड आधीपासून होताच, पगाराच्या कामासाठी दिलेला. त्यानं पत्र स्कॅन केलं, माझ्या नावानं आलेल्या लिंकवर चढवलं आणि ते अमेरिकेला गेलं. एका पोरीचं काम झालं, म्हणून मी चहासुद्धा प्यालो.

आमच्या संस्थेच्या लेटरहेडवर कुठलाही कागद बाहेर गेला, की त्याची एक प्रत फायलीत राहते आणि जावक रजिस्टरमध्ये त्याची नोंद होते. क्रमांक, दिनांक, कुणाला, विषय. आठवड्याभरानं बाबू ते रजिस्टर घेऊन स्टाफरूममध्ये आले. विषयाचा रकाना कोरा राहिला होता.

"सर, याचा विषय काय लिहू? इंग्रजीत आहे, मले समजून नाही राह्यलं."

मी विषय शोधायला म्हणून प्रत हातात घेतली आणि पहिल्यांदा माझं पत्र वाचलं. मराठीत सांगायचं तर ते असं होतं.

'मी या विद्यार्थिनीला दीड वर्षापासून जीवशास्त्र शिकवतो. वर्गात बहात्तर विद्यार्थी असल्यामुळे माझं तिच्याशी स्वतंत्र बोलणं झालेलं नाही. ती तिसऱ्या बाकावर बसते. दर मंगळवारी ती गैरहजर असते. त्याचं कारण मी विचारलेलं नाही. ती गावच्या आरोग्य उपकेंद्रात मदत करते, असं ती म्हणते. मी ते पाहिलेलं नाही. ती वर्गात प्रश्न विचारते, पण अभ्यासक्रम पुरा करायच्या घाईत मला प्रत्येक प्रश्नाचं उत्तर देता येत नाही. ती चांगली डॉक्टर होईल का, हे मी सांगू शकत नाही. तिला डॉक्टर व्हायचं आहे, एवढं मला माहीत आहे.'

खाली माझी सही आणि गोल शिक्का.

माझं डोकंच फिरलं. या पोरीनं मला साता समुद्रापार नेऊन उघडं पाडलं, असं वाटलं. मी शिपायाकरवी तिला बोलावून घेतलं आणि प्रत तिच्यापुढे आपटली.

"हे काय लिहिलं तू?"

ती घाबरली होती, पण आवाज सरळ होता. "सर, त्या कागदावर लिहिलं होतं, शिक्षकानं स्वतः पाह्यलं तेवढंच लिहावं. ऐकीव लिहू नये."

"मंग?"

"तुमी तर काही पाह्यलं नव्हतं."

बाबू रजिस्टर धरून तसेच उभे होते. मी एकेक वाक्य पुन्हा वाचलं, कुठं तरी तिला खोटं पाडता येईल म्हणून. हजेरीपट काढला. प्रत्येक मंगळवारी तिच्या नावापुढे माझ्याच हातचा 'गै' होता. दीड वर्षात मला एकदाही वाटलं नव्हतं, की दर मंगळवारीच का.

प्रश्नांचंही खरंच होतं. अकरावीत असताना तिनं एकदा विचारलं होतं, की आईचं रक्त अन् पोटातल्या बाळाचं रक्त एकमेकांत मिसळत नाही, तर आईले ताप आला का बाळ काहून मरते. मी म्हणालो होतो, पुढच्या तासाला सांगतो, सिलॅबस मागे पडून राह्यला. त्यानंतर ती दोनदा स्टाफरूमच्या दारापर्यंत आली आणि दोन्ही वेळा मी कामात होतो.

"तुझा एकुलता एक अर्ज, अन् त्यात तू स्वतःच हे लिहून पाठवलं?" मी म्हणालो. रागाची जागा आता भीतीनं घेतली होती.

"मंग दुसरं काय लिहू सर? तुमच्या नावानं खोटं कसं लिहू?"

मी तसाच गाडी काढून ऑनलाइन सेंटरवर गेलो. सेंटरवाल्यानं लिंक उघडून दाखवली. ती बंद झाली होती. "सर, एकदा गेलं का गेलं," तो म्हणाला आणि कुणाचा तरी सातबारा छापायला लागला.

पुढच्या मंगळवारी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून किन्हीराजाला गेलो. उपकेंद्र म्हणजे दोन खोल्या आणि पुढे पत्र्याची पडवी. लसीकरणाचा दिवस होता. बायका लेकरं घेऊन बसल्या होत्या. पडवीच्या आढ्याला झोळीचा वजनकाटा टांगला होता आणि माझी विद्यार्थिनी एकेका लेकराला झोळीत घालून वजन घेत होती, वहीत उतरवत होती. मला पाहून ती थांबली.

"चालू दे तुझं," मी म्हणालो आणि बाकावर बसलो. सिस्टर पन्नाशीच्या होत्या. कोण आलंय हे कळल्यावर त्यांनी मला चहा मागवला नाही, याची मी तेव्हाच नोंद घेतली.

तासाभरानं माझ्या लक्षात आलं, की ती वजन दोनदा लिहिते आहे. एक काट्यावरचं, एक त्याहून थोडं कमी. कमी कशाला केलं, मी विचारलं. तिनं वहीचं शेवटचं पान उघडून दाखवलं. तिथं एक यादी होती. चांदीचे वाळे, जोड. तोरड्या. करदोटा, चांदीचा आणि नुसत्या दोऱ्याचा. काळ्या मण्यांच्या मनगट्या. प्रत्येकापुढे ग्रॅममध्ये वजन. ती मालेगावच्या सोनाराकडे जाऊन हे सगळं त्याच्या काट्यावर मोजून आली होती.

"लेकराच्या अंगावरचं काढा म्हटलं तर बायांले नाही आवडत सर. नजर लागते म्हनतात. जास्त बोललं तर पुढल्या खेपेले येतच नाही. म्हनून मी काढाले सांगतच नाही, वजाबाकी करतो."

एक आई तिचं लेकरू घेऊन पुढे आली. काट्यानुसार त्याचं वजन तक्त्यावरच्या कुपोषणाच्या रेषेच्या जेमतेम वर होतं, म्हणजे चिंता नाही. माझ्या विद्यार्थिनीनं वाळे आणि करदोटा वजा केला आणि ते रेषेखाली गेलं. तिनं हलकेच सिस्टरकडे पाहिलं. सिस्टरनी त्या बाईला बाजूला बसवून घेतलं आणि घरात काय शिजतं, किती वेळा खाऊ घालतेस, हे विचारायला सुरुवात केली.

पंचवीस वर्षं मी कुपोषणाची कारणं आणि लक्षणं पाठ करून घेत आलो आहे. माझ्या डोक्यात ही वजाबाकी कधी आली नसती.

निघताना सिस्टर गाडीपर्यंत आल्या. "दीड वर्षापासून येऊन राह्यली पोरगी. तुमाले आता सवड भेटली," त्या म्हणाल्या. मग आवाज उतरवून त्यांनी सांगितलं, की या मुलीच्या आईचं दुसरं बाळ सातव्या महिन्यात पोटातच गेलं होतं. दोन दिवस ताप होता, दवाखान्यात नेईपर्यंत उशीर झाला. मुलगी तेव्हा आठ वर्षांची होती आणि आईच्या उशाशी बसून होती.

मालेगावपर्यंत मी गाडी हळू चालवली. त्या प्रश्नाला मी सिलॅबस मागे पडल्याचं उत्तर दिलं होतं.

दुसरं पत्र लिहायला मला पाच दिवस लागले. सवयीनं पहिलं वाक्य 'हुशार, होतकरू' असंच आलं आणि मी ते खोडलं. मग जे पाहिलं तेवढंच लिहिलं. झोळी, सोनाराचा काटा, वाळ्यांची यादी, ते रेषेखाली गेलेलं लेकरू. मंगळवारच्या गैरहजेरीचं कारण लिहिलं, आणि ते विचारायला मला दीड वर्ष लागलं हेही लिहिलं. पहिल्या पत्रातलं एकच वाक्य मी जसंच्या तसं ठेवलं, प्रश्न आणि घाईचं. ते का ठेवलं, ते शेवटी सांगतो.

पत्र प्रवेश कार्यालयाच्या पत्त्यावर मेलनं पाठवलं. सोबत दोन ओळी जोडल्या, की आधीचं पत्र घाईत लिहिल्यामुळे अपुरं राहिलं, कृपया हेही वाचावं. 'घाईत लिहिल्यामुळे.' जणू ते मीच लिहिलं होतं. खरं सांगितलं आणि त्यांनी पोरीचा अर्जच बाद केला तर, अशी मी मनाची समजूत घातली. पण त्यात माझी अब्रूही वाचत होती, हे मला तेव्हाही कळत होतं. पत्र फायलीला जोडल्याचं त्यांचं एका ओळीचं उत्तर आलं.

फेब्रुवारीत तिला मुलाखतीचं बोलावणं आलं, व्हिडिओवर. आपल्याकडची संध्याकाळ, तिकडची सकाळ. आमच्या कॉलेजचा कॉम्प्युटर ठरला. त्या संध्याकाळी तिचे वडील सबस्टेशनवर जाऊन बसले, कॉलेजच्या फीडरवरची वीज जाऊ नये म्हणून. मुलीसाठी त्यांना तेवढंच करता येण्यासारखं होतं आणि त्यांनी ते चोख केलं. मी कॅमेऱ्यात दिसणार नाही असा बाजूच्या खुर्चीवर बसलो.

पलीकडे एक वयस्क बाई होत्या, स्वतः डॉक्टर. बोलणं छान चाललं होतं. वाळ्यांची यादी त्यांनी दोनदा समजावून घेतली. मग त्या म्हणाल्या, तुझ्या शिक्षकांची आमच्याकडे दोन पत्रं आहेत. पहिल्यात ते तुला ओळखत नाहीत आणि दुसऱ्यात चांगलेच ओळखतात. आम्ही कुठलं खरं मानायचं?

मी हातानं खुणा करायला लागलो. घाई, चूक, काहीतरी सांग. तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा पडद्याकडे वळली.

"पहिलं मी लिहिलं," ती इंग्रजीत म्हणाली. "आमच्याकडे विद्यार्थी लिहितात, शिक्षक सही करतात. त्यातलं जवळजवळ सगळं खरं आहे. दुसरं सरांनी लिहिलं. त्याच्या आधी ते स्वतः येऊन पाहून गेले."

हे 'जवळजवळ' मला खटकलं. इंग्रजी घाबरून अडखळलं असेल, असं मी धरून चाललो. त्या बाईंनी बराच वेळ काहीतरी लिहून घेतलं, आभार मानले आणि पडदा बंद झाला.

"काहून सांगतलं?" मी विचारलं.

"त्याईनं विचारलं सर."

मार्चअखेर उत्तर आलं. जागा देता येत नाही, पुढील वाटचालीस शुभेच्छा. कारण दिलं नव्हतं, ते देत नाहीत. परदेशी मुलांसाठी जागाच मुळात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, माझ्या पत्रानं काय बिघडलं असेल, असं मला अनेकांनी समजावलं. मी मान डोलावली. पण पहिल्याच दिवशी तो सूचनांचा कागद मी उघडून वाचला असता तर त्या बाईंना तो प्रश्न विचारावा लागला नसता, एवढं मला कळतं, आणि ते कुणाच्या समजावण्यानं जात नाही.

मुलगी मात्र माझ्यासमोर रडली नाही. नीटमध्ये पहिल्या खेपेला थोडक्यात राहिली, दुसऱ्या खेपेला सरकारी मेडिकल कॉलेजात लागली. त्या मधल्या वर्षात ती माझ्या घरी येऊन शिकायची, मंगळवार सोडून. मी शिकवायचो आणि तिचा तो जुना प्रश्न ती काढेल म्हणून धास्तावून असायचो. तिनं काढला नाही.

यंदाच्या दिवाळीला ती भेटायला आली. आता मेडिकलच्या दुसऱ्या वर्षाला आहे. फराळ झाल्यावर म्हणाली, "सर, तुमचं थे दुसरं पत्र मी कधी वाचलंच नाही. आता वाचलं तर चालते ना?"

मी तिला कॉलेजात घेऊन गेलो. सुट्टी होती, पण बाबू आले होते. फाईल निघाली. व्हरांड्यातल्या बाकावर बसून तिनं पत्र सावकाश वाचलं. एका ठिकाणी बोट ठेवून थांबली.

"हे वाक्य तर माह्यं आहे."

"हो. थे तसंच ठेवलं."

"काहून?"

खरं होतं म्हणून, असं उत्तर मी तयार ठेवलं होतं. पण तिच्यासमोर ते तोंडातून निघेना.

"दुसरं लिहाची हिंमत नाही झाली," मी म्हणालो. "घाई नव्हती बाई. तुह्या त्या प्रश्नाचं उत्तर मले येत नव्हतं."

ती कागदाकडेच पाहत होती. "मालूम होतं सर. तास संपाले वीस मिनिटं होते तवा. तुमी फळा पुसला अन् खिडकीपाशी जाऊन उभे राह्यले."

"मंग तसं काहून नाही लिहिलं? बाकी समदं तर लिहिलं."

"बाकी समदं माह्याबद्दल होतं. हे एक तुमच्याबद्दल होतं."

तिच्या त्या एवढ्या सरळ पहिल्या पत्रात एकच वाक्य खोटं होतं, आणि ते तिनं माझ्यासाठी लिहिलं होतं. बाबू आतून फाईल मागत होते.

"सांग आता," मी म्हणालो. "उत्तर."

ती बाकावर सरकून बसली. पत्राची मागची बाजू कोरी होती. तिच्यावर तिनं आधी बाळ काढलं, मग नाळ, मग गर्भाशयाला चिकटलेली वार. मी खिशातून चष्मा काढून लावला.